मापाची वाटी आणि मधली रेघ

मी एक जुनी पितळी वाटी आहे, मित्रांनो. साधीसुधी नाही, मापाची. एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. बूड निमुळतं ठेवलं, तोंड रुंद केलं. त्याला वाटलं, अशी हातात छान बसेल. नवी कल्हई झाली की मी फळीवरच्या इतर भांड्यांशी धड बोलतसुद्धा नसे.

मी ज्या घरात आले तिथली मुलगी शाळेतून डबा तसाच परत आणायची आणि वाटेत पाकिटातलं काहीबाही खायची. अंगाने काडी आणि सदा पोटदुखी. शेवटी आईने तिला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला घेतलं. गूळ कुठेही लपवला तरी तिला सापडायचा, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. शाळा भरायची स्वयंपाकघरात. पीठ का आंबतं, कडधान्याला मोड कसे येतात, पेज कधी उतू जाते, हे शास्त्र. आणि गणिताला मी!

आईने माझी उंची दोऱ्याने मोजली, दोरा दुमडला आणि बरोबर मध्यावर खिळ्याने रेघ ओढली. "ही अर्धी वाटी हं," ती म्हणाली. मुंगीच्या इवल्या हातांना भरलेली वाटी पेलत नसे. म्हणून वाटीभर पाणी घालायचं तर ती रेघेपर्यंत भरून दोनदा घाली. पेज घट्ट व्हायची. मग आई वरून ओंजळभर पाणी ओतायची. तिच्या हाताला अंदाज होता, त्यामुळे चूक तिच्या लक्षातच आली नाही. मला ती माहीत होती. निमुळत्या बुडाकडचा अर्धा भाग रुंद तोंडाकडच्या अर्ध्याएवढा कसा असेल? पण वाटीला कोण विचारतो?

दोन वर्षांत मुंगी अंगाने भरली. एकटीने पेज शिजवू लागली. तिचे बाबा तर वाटी चाटूनपुसून म्हणायचे, "पोरीच्या हाताला चव आहे!" माझ्या आयुष्यातले तेच सुखाचे दिवस.

मग तपासणीच्या बाई आल्या. मुंगी पास झाली तर घरी शिकणार, नाहीतर परत शाळेत, असा नियम होता.

"अर्धा आणि अर्धा मिळून किती गं?" बाईंनी विचारलं.

"एकाला थोडा कमी," मुंगी ठामपणे म्हणाली. "वर ओंजळभर घालावं लागतं."

बाई हसल्या. "ताई, राग मानू नका, पण चुलीपुढे बसवून गणित येत नसतं." त्यांनी शेरा लिहिला. मुंगीने आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली, आणि तेच मुंगीला जास्त लागलं.

मुंगी शाळेत गेली त्या आठवड्यात आईने मला दोनदा रेघेपर्यंत भरून पाणी पातेल्यात ओतलं आणि तेच पाणी परत माझ्यात घातलं. मी भरले नाही. आईने त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग मला पिशवीत घालून धावतपळत कचेरीत गेली. बाईंनी पाणी ओतून पाहिलं, त्या ओशाळल्याही. पण म्हणाल्या, "शेरा वर गेलाय हो. आता पुढच्या वर्षी बघू."

आई संध्याकाळी म्हणाली, "बाळा, तुझं बरोबर होतं. माझीच रेघ चुकली. ये, पेज करू."

"राहू दे गं. मला नाही जमत काही," मुंगी म्हणाली. "पाकीट फोड, भूक लागलीय."

आईने पाकीट फोडलं.

पुढच्या वर्षी तपासणीचा फॉर्म आला, पण मुंगीच नको म्हणाली. मला कल्हई होऊन किती दिवस झाले, कोण जाणे. मित्रांनो, मला घासा-पुसा असं मी म्हणत नाही. लहान मूल चुकीचं बोललं असं वाटलं, तर हसण्याआधी त्याला एवढंच विचारा, "कशावरून?" त्या दिवशी बाईंनी विचारलं असतं, तर मुंगीने मला त्यांच्यापुढे आणून ठेवलं असतं. मी तिथेच होते, हाताच्या अंतरावर.