ह्यांचं अक्षर

चौऱ्याण्णव सालचा तो सत्कार दुपारचा होता, म्हणजे साक्षरता अभियानाचे साहेब येईपर्यंत ऊन कलायला लागलं. सकाळी बालवाडी, संध्याकाळी साक्षरता वर्ग, असं वर्षभर करून मी पार पिचले होते. बिनपगारी स्वयंसेविका म्हणून मला शाल-नारळ देणार होते, आणि मला तो नारळ दोन्ही अर्थांनी हवा होता. आजपासून वर्ग बंद, हे मी मनाशी ठरवूनच आले होते. साहेबांनी आमचे सत्कार आधी उरकले. मग नारळ मांडीवर घेऊन मी कोल्हारच्या शाळेच्या पटांगणात पेंगत बसले.

माझ्या वर्गातल्या भागिरथीकाकू मात्र टक्क जाग्या होत्या. "समद्यांम्होरं वाचून दाखव, मंग मानतो," असं त्यांना नवऱ्यानं सुनावलं होतं, आणि तो सहादेव निंबाखाली तंबाखू मळत बसला होता. काकू वाचायच्या झकास. अडचण एकच. नवऱ्याचं नाव तर त्या घेत नसतच, पण त्या नावाचं पहिलं अक्षरही तोंडातून काढत नसत. सोमवारला महादेवाचा वार म्हणत, सुनेला लेकाची बायको. वर्गात स आला की "ह्यांचं अक्षर" म्हणून पुढे सरकत. मी भांडले, रुसले, शेवटी कंटाळून नाद सोडला. पाटीवर लिहितात ना, पुरे झालं.

साहेबांनी काकूंना पुढे बोलावलं आणि मागच्या कापडी फलकाकडे बोट केलं. "वाचा बरं, मावशी."

मी फलक पाहिला आणि झोप उडाली. संपूर्ण साक्षरता सन्मान सोहळा. कुणा मेल्यानं शोधून शोधून लिहिलं होतं!

काकूंनी फलकावरून नजर फिरवली आणि मान खाली घातली.

"अहो, पहिला शब्द तरी?"

काकूंचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. "म्या म्हनलं न्हवतं?" सहादेव निंबाखालून ओरडला. लोक हसले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, हेच का तुमचं वर्षभराचं काम?"

मला रडूच आलं. खरं काय ते सांगायला मी उठले, तर काकूंनी हातानंच मला बसवलं. त्या बाजूला मांडलेल्या शाळेच्या फळ्यापाशी गेल्या, खडू घेतला आणि हळूहळू, टपोऱ्या अक्षरांत लिहिलं: सहादेव.

"वाचता येतं मला, दादा," त्या म्हणाल्या. "पन त्या शब्दांच्या म्होरं ह्यांचं अक्षर हाय. ते मी बोलत न्हाई. लिवते."

वर्गातल्या बायांनी फळा वाचला आणि फिसकन हसल्या, मग टाळ्या पिटायला लागल्या. साहेबही ओशाळून हसले. सगळ्यांच्या माना निंबाकडे वळल्या.

सहादेव गोंधळून पुढे आला. फळ्याकडे बघत राहिला. "काय लिवलं गं?"

"मी न्हाई बोलायची. बाईंना इचारा."

तो माझ्याकडे वळला. आवाज एकदम उतरला होता. "बाई, लोक माझ्याकडं का बगत्यात? काय लिवलंय तिनं?"

स्वतःच्या नावासमोर उभा राहून तो माणूस मला हे विचारत होता. माझ्या अंगात त्राण नव्हतं. तिथंच सांगून टाकलं असतं, तर सुटले असते.

"उद्या संध्याकाळी वर्गाला या," मी म्हटलं. "पहिलं अक्षर तुमचंच घेऊ."