अप्पांचा जबाब

अप्पांच्या कानाचं यंत्र तिसऱ्याच महिन्यात खरखरायला लागलं. माणूस बोलतो आणि बाजूला बसून कुणीतरी कागद चुरगाळतं, असं वाटतं म्हणायचे.

यंत्र मीच मागवलं होतं, परदेशातल्या एका कंपनीच्या साइटवरून, माझ्या लेकीला, ठकीला मांडीवर घेऊन, एका हाताने. अप्पा माझे वडील. चाळीस वर्षं त्यांनी रेडिओ दुरुस्त केले आणि मग त्यांचेच कान गेले. यंत्राशिवाय त्यांना बाजूला पातेलं पडलं तरी कळत नाही. यंत्र लावलं की मात्र आतल्या खोलीत ठकीने केलेलं 'ब्ब' सुद्धा ऐकू यायचं आणि ते तिथूनच ओरडायचे, "बोलली! बोलली!"

"ढेकर होता तो, अप्पा."

"ढेकराला चढउतार नसतो. मला नको शिकवूस."

ठकी तेव्हा अकरा महिन्यांची होती. तिचा पहिला शब्द आपण ऐकायचा, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं.

कंपनीने कळवलं, यंत्र आमच्या देशातल्या कारखान्यात पाठवा, पाच आठवडे लागतील, पाठवायचं तुमचं तुम्ही बघा. मी तिरमिरीत ठकीला कडेवर घेतलं आणि ग्राहक मार्गदर्शन केंद्र गाठलं. तिथल्या बाईंचा चष्मा कपाळावर होता आणि त्या तो टेबलावर शोधत होत्या. मी बोट दाखवलं. त्या हसल्या आणि तिथून पुढे माझ्याच झाल्या.

"विकणारा परदेशात असू दे," त्या म्हणाल्या, "त्याने माल इथल्या गिऱ्हाइकांसाठी मांडला ना? मग इथलाच कायदा. दुरुस्ती फुकट, नाहीतर नवीन वस्तू. नेणं-आणणं त्याच्याकडे. आणि पहिल्या सहा महिन्यांत बिघडलं तर दोष मुळातलाच धरतात. नाही म्हणायचं असेल तर सिद्ध त्याने करायचं, तुम्ही नाही."

अर्जात एक ओळ होती : वस्तू ग्राहकाने किंवा अन्य कोणीही उघडलेली नाही. मी बरोबरची खूण केली. कोण उघडणार होतं?

आठ दिवसांत कंपनी नरमली. यंत्र न्यायला माणूस येतो म्हणाली. मी घरभर मिरवत होते. नवरा म्हणाला, "वकीलसाहेब, चहा घेणार का?" अप्पांना मी वहीत लिहून दाखवलं, कारण तोवर यंत्र पुरतं मुकं झालं होतं. त्यांनी वाचलं, मान हलवली. मी पार्सल बांधायला गेले तर त्यांनी ते आधीच बांधलेलं. कापसात गुंडाळून, डबीला चारी बाजूंनी चिकटपट्टी. "तू नको हात लावूस," म्हणाले. मला वाटलं, कारागीर माणूस, दुसऱ्याचं बांधणं पटत नाही.

दुसऱ्याच आठवड्यात ठकी बोलली. 'दे.' चमच्याला दे, खिडकीला दे, माझ्या नाकाला दे. चौथ्या आठवड्यात ती अप्पांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अप्पा." स्पष्ट. अप्पा खिडकीशी पेपर वाचत होते. ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा जरा रागावून. मग तिने त्यांचा सदरा ओढला. त्यांनी वळून तिला उचललं. "काय गं, भूक लागली?"

मी ते वहीत लिहिलं नाही. येऊ दे यंत्र, म्हटलं, त्यांचं त्यांनाच ऐकू दे.

यंत्राआधी कंपनीचा मेल आला, तीन फोटोंसकट. सील तुटलेलं. स्क्रूवर ओरखडा. आत एका तारेला कथलाचा नवा डाग दिलेला. अनधिकृत व्यक्तीने यंत्र उघडलं आहे, आपलं निवेदन खोटं आहे, सबब हक्क नामंजूर.

तो डाग मी लगेच ओळखला. लहानपणी अप्पांच्या दुकानातल्या स्टुलावर बसून मी असे हजार डाग बघितले होते. मोहरीएवढे, गोल, चकचकीत.

केंद्रातल्या बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि फोटो पाहिले. "उघडलं म्हणून हक्क जात नाही हो. उघडल्यामुळेच बिघडलं, हे त्यांनी दाखवायला हवं. तुमची खूण चुकली, ती मागे घेऊ. वडिलांचा जबाब आणा फक्त. आधीच खरखरत होतं म्हणून उघडलं, त्याने आणखी काही बिघडलं नाही. सही. झालं."

घरी येऊन मी वहीत लिहिलं : अप्पा, यंत्र उघडलं होतंत?

"मी? छे. हातसुद्धा नाही लावला."

दुकानात हेच वाक्य त्यांनी किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल! आम्ही नाही हो उघडला, असाच बंद पडला. अप्पा सेट उलटा करायचे, स्क्रूचं डोकं भिंगातून बघायचे आणि म्हणायचे, "तुम्ही नाही उघडला, तर मग यानेच रात्री उठून स्वतःचे कपडे काढले असणार." अख्खं दुकान हसायचं. गिऱ्हाईक लाल व्हायचं.

मी त्या तारेचा फोटो उघडला. फोन त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी कपाटातून भिंग आणलं, डोळ्याला लावलं. फोटो मोठा करायला त्यांना येत नव्हतं, मी बोटांनी करून दिला. बराच वेळ बघत होते. ठकी भिंगाला 'दे' म्हणत होती.

"डाग माझा आहे," शेवटी म्हणाले. यंत्र नसलं की त्यांना स्वतःचा आवाजही कळत नाही, त्यामुळे ते फार मोठ्याने बोलतात. हे मात्र हळू बोलले. "तार सुटली होती. नुसती तार. पाच आठवडे म्हणाले ना ते? म्हटलं, तोवर ही बोलायला लागेल."

मी मान खाली घातली.

"पण हे बघ." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "तारेच्या शेजारी. काळं झालंय. डाग देताना तापलेलं टोक तिथे टेकलं. तेव्हा दिसलंच नाही मला. हात हलला असणार."

मी घाईघाईने वहीत लिहिलं : ते कंपनीने सिद्ध करायचं आहे. मेलमध्ये त्यांनी तसं लिहिलेलंही नाही. नुसतं सील तुटलं म्हणतात. तुम्ही फक्त सही करा. खाली दोन रेघा ओढल्या.

वाचून ते म्हणाले, "त्यांना नसेल दिसलं. मला दिसतंय ना."

"अप्पा, अहो तुमचे कान आहेत ते!" मी ओरडले. त्यांना ऐकू जाणार नाही हे मला माहीत होतं. ठकी दचकून रडायला लागली. तिचं रडणंही त्यांना उशिरा कळलं, तिचं तोंड पाहून.

जबाब त्यांनी स्वतःच लिहिला. दुकानाच्या पावतीवर लिहायचे तसा, तोडून तोडून. मूळ दोष : तार सुटलेली. काम : तार जोडली. परिणाम : शेजारचा भाग भाजला, यंत्र बंद. चूक : दुरुस्ती करणाऱ्याची. शेवटी एक जास्तीची ओळ होती : मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं, मी तिच्याशी खोटं बोललो.

बाईंनी कागद वाचला. "हे दिलं तर संपलं हो सगळं," म्हणाल्या. "नाही दिलं तर..." आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या, मला सोयीचं व्हावं म्हणून. मी कागद परत घेऊन खाली जिन्यात येऊन बसले. ठकी पायऱ्यांना दे, दे म्हणत होती. मनात आलं, घडी घालून पर्समध्ये टाकावा, कुणाला कळणार आहे? बाईंनी सांगितला होता तसा दुसरा कागद मी आधीच टाइप करून ठेवला होता. सहीचं काय, त्यांची सही मी शाळेच्या प्रगतिपुस्तकावर कितीदा केली होती.

वर जाऊन मी अप्पांचाच कागद दिला. बरोबर केलं की नाही, अजून सांगता येत नाही. नवरा म्हणतो केलंस. पण ठकी अप्पांना मागून हाक मारते तेव्हा नाही वाटत.

यंत्र परत आलं, होतं तसंच. इतक्यात दुसरं घेणं काही खिशाला जमायचं नाही. अप्पांनी त्याचा पुन्हा विषय काढला नाही. फक्त एकदा विचारलं, "बोलायला लागली ना ही? ओठ हलतात."

मग मी वहीत लिहायला लागले. दे. अप्पा. नको. पाय. रोज नवीन काय ते. अप्पा दुपारी चष्मा लावून बसतात आणि मोठ्याने वाचतात, "नको!" घर दणाणतं. ठकी खिदळते आणि तेच त्यांच्यापेक्षा मोठ्याने म्हणते. ते तिच्या ओठांकडे बघतात, मग माझ्याकडे, बरोबर का म्हणून. मी मान डोलावते.

काल ती त्यांच्या मांडीवर बसून पाच मिनिटं एकटीच बोलत होती. हात नाचवत, डोळे मोठे करून, मध्येच दम घेऊन. एक शब्द धड नव्हता. अप्पांनी वही माझ्यापुढे सरकवली.

"काय म्हणतेय?"

मी पेनाचं टोपण काढलं. मग लिहिलं : खूप काय काय सांगतेय.

त्यांनी वाचलं. आणि पान उलटून पुढचं कोरं पान माझ्यासमोर धरलं.