नाळेवरचं वजन

पक्षाघातानंतर खमैसची जीभ पुन्हा वळायला लागली, तेव्हा त्याच्या तोंडून पहिलं धड वाक्य बाहेर पडलं ते असं, की होडी फोडा आणि चुलीत घाला.

त्याची बायको मन्नूबिया तेव्हा अंगणात जव भाजत बसली होती. तिनं ऐकलं, उलथनं थांबवलं नाही. मी त्यांचा शेजारी, भिंतीला भिंत लागून, म्हणून मलाही ऐकू आलं. मला वाटलं ती रडेल. तिनं जव उतरवले, हात झटकले आणि मला विचारलं, "सी सादोक, स्फाक्सची फेरीबोट उद्या किती वाजता लागते?" (आमच्याकडं मानानं पुरुषाला 'सी' म्हणतात, बाईला 'लल्ला'.)

तिच्या भाच्यानं समुद्रापलीकडं स्फाक्स शहरात मासेमारी सोडून दुकान टाकलं होतं. त्याच्या होडीची मोटर नुसती पडून होती, जवळजवळ कोरी. ती त्यानं मावशीला देऊ केली होती, आणि ती फेरीबोटीनं येणार होती. खमैसला यातलं काही ठाऊक नव्हतं.

होडी फोडावी अशीच झाली होती, हे मी नाकारत नाही. खमैसच्या बापानं ती बांधली, खमैसनं जन्मभर हाकली. तिची जुनी मोटर याच उन्हाळ्यात बंद पडली. लमजद मेकॅनिकनं ती उघडली, आत डोकावला, आणि झाकण न लावताच हात पुसत उठला. मग महिनाभरात मालकाचीही डावी बाजू गेली. बंदरावर लोक दोन्ही गोष्टी एका श्वासात सांगायचे. खमैसच्या कानावर ते गेलं असणारच.

पण सप्टेंबर लागला होता. सप्टेंबरच्या मोठ्या भरतीआधी आम्हा कर्कना बेटावरच्या लोकांच्या शरफिया उभ्या राहाव्या लागतात. शरफिया म्हणजे समुद्राच्या तळात रोवलेल्या खजुरीच्या झावळ्यांची भिंत. ओहोटीबरोबर परतणारा मासा तिच्या कडेकडेनं जातो आणि टोकाच्या जाळीदार खोलीत अडकतो. ज्याची त्याची जागा बापजाद्यांची, शेतासारखी. खमैसच्या जागेला लागून मुन्सिफची जागा होती. मुन्सिफ माणूस वाईट नाही. तो घरी आला, चहा प्यायला आणि म्हणाला, यंदा तुमची भिंतही मीच उभारतो, मासा निम्मा निम्मा. खमैस भिंतीकडे तोंड करून म्हणाला, घे, सगळंच घे.

मन्नूबियानं मुन्सिफला दारापर्यंत सोडलं आणि सांगितलं की आमची भिंत आम्हीच उभारू. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "यंदा ती जागा दुसऱ्यानं लावली ना, तर हा माणूस पुढचा हंगाम बघणार नाही. शरीरानं बघेल, पण बघणार नाही."

गुरुवारी संध्याकाळी दर्ग्यात शेख अब्दुलवाहिदांचा उपदेश असतो. शेख तो बोलत नाहीत, गातात. एक गोष्ट घ्यायची, ती सुरात लावायची, मध्येच थांबून कुणाची तरी थट्टा करायची, आणि डफ वाजला की पुन्हा नबींच्या स्तुतीवर यायचं. मी त्यांच्या मागे उभा राहून धृपद धरतो. एवढी वर्षं धरलं, तरी अजून प्रत्येक गुरुवारी दुपारपासूनच मी ते गुणगुणत फिरतो. खमैस नेहमी पहिल्या रांगेत बसायचा, धृपदाला सगळ्यांत मोठा आवाज त्याचा, आणि सगळ्यांत बेसूरही त्याचाच. आता त्याची जागा रिकामी असायची. शेख गाताना नजर तिथं जाऊ नये म्हणून जपायचे, ते मला दिसायचं.

त्या गुरुवारी उपदेश संपल्यावर मन्नूबिया बायकांच्या बाजूनं पुढं आली. तिनं शेखांना सरळ विचारलं, की नवऱ्यानं एक सांगितलं आणि बाई दुसरंच करत असली तर तिला पाप लागतं का.

"काय सांगितलं त्यानं?"

"होडी फोड म्हणाला."

शेखांनी दाढीवरून हात फिरवला. "आजच फोड, असं म्हणाला?"

"आजच, असं नाही म्हणाला."

"मग घाई कशाची आहे, पोरी? त्याचं ऐकायचंच आहे. सवडीनं ऐक."

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. होडीच्या मागच्या फळीवर मोटर लटकते, आणि ती फळीच कुजली होती. बोटानं दाबलं तर ओल्या पावासारखी आत जायची. तशी जाड फळी गावात मिळेना. मन्नूबियानं शेळ्यांच्या गोठ्याचं दार उतरवलं. तुतीच्या लाकडाचं, कुणाच्या आजोबांनी घडवलेलं ते दार दोन गोठे संपले तरी टिकलं होतं. ते डोक्यावर घेऊन ती बंदरातून चालत आली तेव्हा चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं, की लल्ला मन्नूबिया, आता मासे धरणार की दूध काढणार? ती न थांबता म्हणाली की तुझ्या आईनं जितकं पाजलं तितकं मला नाही जमायचं, बाबा. टपरी हसली, आणि विचारणाराही हसला.

लमजदनं मापं घेतली, मी करवत धरली. कुजकं कापून काढलं, तुतीची फळी बसवली, फटींत डांबरात भिजवलेला कापूस ठोकला. मन्नूबिया प्रत्येक फटीवर स्वतः कान लावून हातोडीचा आवाज ऐकायची. कुठं बद्द वाजलं की पुन्हा उकरायला लावायची. लमजद वैतागून म्हणाला, लल्ला, ही होडी आहे, टरबूज नव्हे. ती म्हणाली, टरबूज असतं तर मी फोड कापून बघितलं असतं.

आमच्याकडे ओहोटीला समुद्र लांबवर मागं जातो आणि होड्या वाळूत बसतात. त्यामुळं डागडुजी सगळी वाळूतच होते. आम्ही तीन वाशांची तिकाटणी उभी केली, दोर टाकला, नवी मोटर वर ओढली आणि फळीवर बसवून आरपार बोल्ट आवळले. जुनीपेक्षा ती किती जड आहे हे ओढताना आमच्या खांद्यांना कळलं होतं, पण त्याचा पुढं काय अर्थ होतो, ते तेव्हा एकाच्याही डोक्यात आलं नाही. होडी वाळूत छान ताठ बसली होती. मोटरचा पाणी कापणारा पंखा नेमका हवा तेवढ्या उंचीवर होता. मन्नूबियानं फळीवर हात ठेवून बिस्मिल्लाह म्हटलं, आणि आम्ही भरतीची वाट बघत बसलो.

भरती आली, होडी तरंगली, आणि तिचा मागचा भाग बुडत बुडत थेट काठापर्यंत पाण्यात गेला. पुढचं टोक, नाळ, आकाशाकडं. वाळूनं जे सांभाळून धरलं होतं ते पाणी सांभाळेना.

तरी मन्नूबियानं मोटर चालू केली. आवाज सुरेख होता. मोटरच्या कुशीतून तिला थंड ठेवणाऱ्या पाण्याची बारीक धार उडायला लागली, आणि लमजद खूश होऊन म्हणाला, मुतायला लागली, म्हणजे तब्येत ठीक आहे. पण दहा वल्ह्यांच्या अंतरावरही गेलो नसू, तोच पंखा तळाच्या गवतात घुसला. उथळ पाण्यात खमैस नेहमी मोटर अर्धी उचलून चालवायचा. मन्नूबियानं ते हजारदा पाहिलं होतं. तिनंही मोटर अर्धी वर उचलली. जुनीला ते चालत असे. या नवीचं पाणी ओढायचं तोंडच पाण्याबाहेर आलं, धार आटली, आणि मोटर अशी किंचाळायला लागली की किनाऱ्यावरच्या शेळ्यांनी मान वर केली. लमजदनं झडप घालून बंद केली.

आम्ही काठीनं ढकलत परत आलो. मुन्सिफ आपल्या फायबरच्या होडीत उभा होता. तो हसला नाही, हे जास्त लागलं. लमजद म्हणाला, लल्ला, दोन्हींतलं एक काहीतरी विक. ही मोटर या होडीला मोठी आहे.

मन्नूबियानं फळीवर पाणी कुठवर चढलं होतं त्या ओल्या रेघेपाशी हात ठेवला. मग म्हणाली, "मागं जड आहे, तर पुढं जड करू."

आम्ही पेट्रोलचा डबा पुढं नेला. नांगर, साखळी पुढं नेली. तरी पुरेना. दगड भरले. दगडांनी होडी सपाट झाली, पंखा वर आला, धार सुटली. पण आता झावळ्या ठेवायला जागाच नाही. आणि शरफियाच्या वाटेवर नाळेवर एक डोळस माणूस लागतो. पाण्याचा रंग बघून तळ ओळखणारा, कुठं वाळू, कुठं गवत, कुठं जुने खुंट, ते हातानं मागच्याला सांगणारा. मला ते येत नाही. मी धृपद धरणारा माणूस. लमजदला मोटरच्या पलीकडचं काही दिसत नाही. मन्नूबियाला येतं, पण मोटर चालवणारीही तीच. मोठी भरती अगदी तोंडावर आली होती, बाकी सगळ्यांच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. दूरवरून पाण्यात झावळ्यांच्या रांगा दिसायच्या आणि मध्ये एक मोकळी जागा, पडलेल्या दातासारखी.

ती घरी गेली. मीही मागोमाग गेलो, कारण तिच्या चालण्यावरून कळत होतं की काहीतरी ठरलं आहे.

खमैस उंबऱ्याशी गादीवर बसला होता. उंच, रुंद माणूस, आजारानंही फारसा उतरला नव्हता. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"तुझं वजन किती असेल?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं. जीभ अजून जड होती, शब्द ओढत यायचे. "कबर खणणाऱ्याला सांगायचंय का?"

"मोटरला सांगायचंय."

मग तिनं त्याला सगळं सांगितलं. भाच्याची मोटर, गोठ्याचं दार, बुडालेली मागची बाजू, किंचाळी, दगड. तो ऐकत होता, आणि त्याची धड भुवई वर वर चढत होती. गोठ्याच्या दाराशी आल्यावर त्यानं विचारलं, "आणि शेळ्या?"

"शेळ्या स्वयंपाकघरात आहेत. आठवडाभर आहेत. तुला वास नाही आला?"

"मला वाटलं, आजारानं नाक गेलं."

मी हसलो. ती हसली नाही. "तू नाळेवर बसायचंस," ती म्हणाली.

"म्हणजे दगडाच्या ऐवजी."

"दगड बोलत नाहीत. तू बोलशील, तेवढाच त्रास."

त्याचा चेहरा बदलला. साऱ्या बंदरासमोर मला पोत्यासारखं उचलून नेणार, असं काहीसं तो म्हणाला, आणि मान फिरवून पुन्हा भिंतीकडं बघायला लागला. मला वाटलं संपलं. मन्नूबिया त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये जाऊन बसली.

"उचलायचं कुणी नाही. ओहोटीला होडी वाळूत असते. गाढवाची गाडी काठाला लावते, तू सरकायचंस. आणि ऐक, मी तुला बरा हो म्हणत नाहीये. ते अल्लाच्या हातात. मी तुला फक्त जड हो म्हणतेय. ते तर जमतं ना तुला?"

पहाटेच्या ओहोटीला गाडी बंदरात आली. टपरीवरचे लोक उठून उभे राहिले, मग मुद्दाम चहात तोंड घालून बसले. आमचे लोक बोलायला वाईट, पण एवढं त्यांना कळतं. खमैस गाडीवरून होडीच्या काठावर सरकला, काठावरून आत. मी पाठीशी उशी लावली, लमजदनं कमरेला दोर बांधला. झावळ्या मध्ये रचल्या. मग आम्ही बसलो, आणि पाणी आपल्या पायांनी चालत आमच्याकडं आलं.

होडी उचलली गेली. सपाट. जणू तिच्यासाठीच तो माणूस मापून घडवला होता.

मोटर चालू झाली, धार सुटली. मी मनातल्या मनात शेखांचं एक पद म्हणत होतो, मोठ्यानं म्हणायची हिंमत नव्हती. खमैस आमच्याकडं पाठ करून बसला होता, खाली मान घालून. बंदराचं तोंड मागं पडलं, गवताचा काळा पट्टा जवळ आला. मन्नूबियानं मागून मोटर हळू केली आणि वाट बघितली.

त्याचा उजवा हात वर झाला. तळवा उजवीकडं कलला.

तिनं होडी उजवीकडं घेतली. हात सरळ. मग डावीकडं. मग बोटं मिटली, म्हणजे हळू. त्यानं एकदाही मागं पाहिलं नाही. तिनंही एकदाही विचारलं नाही. मध्येच मी तिच्याकडं पाहिलं, तर तिचे डोळे भरलेले, पण तिनं ते पुसले नाहीत, कारण मोटरवरचा हात काढायचा नव्हता.

जागेवर गेल्या वर्षीचे खुंट पाण्याखाली दिसत होते. मोटर बंद केली. लमजद आणि मी कमरेइतक्या पाण्यात उतरलो, मन्नूबिया झावळ्या देऊ लागली. पहिली झावळी मी रोवली. दुसरी रोवतोय, तोच नाळेवरून आवाज आला. ओढलेला, जाड, पण आवाज.

"सादोक! समुद्र त्या बाजूनं परततो, या बाजूनं नाही. दर्ग्यात भिंत बांधतोयस का?"

मी झावळी उपटली आणि तिरकी लावली. "अजून तिरकी," तो म्हणाला. "अजून. बस. आता पुढची." आणि मग तो थांबलाच नाही. लमजदला म्हणाला तुझा खुंट गाढवाच्या शेपटीसारखा हलतोय, मन्नूबियाला म्हणाला जोडून दे, एकेक काय देतेस, लग्नात फुलं वाटतेस का. मुन्सिफची होडी जवळून गेली तेव्हा त्यालाही ऐकवलं, की तुझी भिंत माझ्या हद्दीत हातभर शिरली आहे. ती खरंच शिरली होती. मुन्सिफनं होडी थांबवली, तो पाण्यात उतरला, आपले चार खुंट काढले, आणि मग आमच्या दोन झावळ्याही रोवून गेला.

मोठ्या भरतीच्या आदल्या दुपारी शेवटची झावळी लागली. मन्नूबियानं भाजलेल्या जवाचं पीठ तेलात आणि मधात कालवून आणलं होतं, नव्या कामाच्या सुरुवातीला आम्ही खातो ते. होडीतच खाल्लं. खमैसला डाव्या गालात घास राहतो, तो ती बोटानं बाजूला करत होती. मग मला राहवेना, मी शेखांचं पद मोठ्यानं धरलं. धृपदाच्या जागी मी थांबलो. सवयीनं थांबलो, दुसऱ्या आवाजासाठी.

तो आला. उशिरा, अर्धा, आणि पूर्वीपेक्षाही बेसूर. अल्हमदुलिल्लाह.

परत निघताना पाणी उतरायला लागलं होतं, आणि आमच्या भिंतीच्या कडेनं बोय माशांची एक चांदीची रेघ जात होती. मन्नूबियानं मोटरवर हात ठेवला, पण ती चालू करायची दोरी ओढली नाही.

"खमैस," तिनं मागून विचारलं, "ही होडी फोडायची कधी?"

त्याचा हात वर झाला. बोटं मिटली. हळू.

"हंगाम संपू दे," तो म्हणाला. "चल, ओढ दोरी. गवतात अडकशील."