माझी आतली बाजू

मित्रांनो, कामरगावच्या प्रशिक्षण केंद्रात दाराच्या वर काचेच्या चौकटीत एक जुनी कांचळी दिसते ना, ती मी. कांचळी म्हणजे बंजारा बायकांची आरशांची चोळी. येणारेजाणारे मान वर करून "वा!" म्हणतात. पूर्वी मला ते फार आवडायचे, खोटे कशाला बोलू?

इंझोरीजवळच्या तांड्यात हिरीबाईने मला स्वतःच्या लग्नासाठी शिवले. लाल कापड, पिवळा-हिरवा दोरा आणि आरसे. आरशाभोवती ती एक टाका घाली, तो तिलाच जमे. वरून नुसते फूल दिसे. दोरा कुठून आला नि कुठे गेला, ते फक्त माझ्या आतल्या बाजूला कळे. होळीला मला घालून ती नाचायची, तेव्हा अख्खा तांडा माझ्या आरशांत दिसायचा. मी भारी मिजाशीत असायचे.

मग साड्या आल्या. तांड्यातली माणसे दरवर्षी ऊसतोडीला जाऊ लागली. मी पेटीच्या तळाशी गेले. माझी कुणाला आठवणही होत नसे, याचे मला फार वाईट वाटायचे.

अशात एका संस्थेने कामरगावला बंजारा मुलींसाठी भरतकामाचे निवासी प्रशिक्षण सुरू केले. शिकवायला हिरीबाईला बोलावले. मला घेऊन ती आली, सोबत तिची नात ज्योत्स्ना. आरशाचा टाका हाती आला तर तांड्यातच बसून काम करता येईल, उसाच्या फडात जावे लागणार नाही, अशी ज्योत्स्नाला आशा होती.

केंद्र चालवणारे राजपाल सर मला पाहून हरखले. "आजी, हे पेटीत कायले ठेवता? काचेत लावू ना आपण."

हिरीबाईचा चेहरा उजळला. "लावा सर! माही कांचळी भिंतीवर! पोरी पाह्यतीन तरी."

मला लाकडी फळीवर डिंकाने पक्के चिकटवले आणि वर काच बसवली. माझी आतली बाजू फळीला भिडली. त्यात काही चुकते आहे असे कुणाला वाटले नाही. मी तर फुगूनच गेले होते.

हिरीबाईची एक रीत होती. आरसा शेवटी. सगळे कापड दोऱ्याने भरल्याशिवाय ती आरशाला हात लावू देत नसे. ज्योत्स्ना सारखी मागे लागे, "दादी, तो टाका सांग ना मले."

"टाका सांगाचा नसते पोरी, उलटून पाह्याचा असते. आधी कापड तं भरू दे!"

ज्योत्स्नाचे कापड भरत आले आणि हिरीबाईला ताप भरला. तिला तांड्यावर नेले. ती परत आलीच नाही.

दिवस-कार्य आटोपून ज्योत्स्ना एकटीच आली. माझ्याकडे पाहून आरसा बसवू लागली. तो निसटून पडे. ती पुन्हा बसवी, पुन्हा पडे. शेवटी ती म्हणाली, "सर, मले हिची आतली बाजू पाहू द्या."

सरांनी लगेच चौकट उतरवली, काच काढली. ज्योत्स्नाने नखाने माझी कड उचलली. डिंक सुटेना. कापड चरचरले, दोरे तुटले. तिने हात मागे घेतला.

"ओढून पाहू काय मी?" सर हळूच म्हणाले.

"नको सर, फाटते. दादीच्या हातचं एवढंच राह्यलं."

"मंग टाका कसा शिकशील?"

तिने उचललेली कड बोटाने पुन्हा दाबून बसवली. मी आतल्या आत ओरडत होते. फाड, बाई, फाड मला! एका आरशापुरते तरी फाड! पण कांचळीला कुठला आवाज? सरांनी काच पुन्हा बसवली.

प्रशिक्षण संपले. ज्योत्स्नाच्या कापडावर आरशांच्या जागा तशाच रिकाम्या राहिल्या. दसऱ्यानंतर ती आईबापाबरोबर ऊसतोडीच्या ट्रकमध्ये चढली.

मित्रांनो, मला इथे फार जपतात, रोज पुसतात. तुमच्या घरात आजीच्या हातचे काही असेल तर त्याला असे जपू नका. ती आहे तोवर उलटे करून पाहा, उसवा, विचारा. फाटले तर फाटू द्या. हिरीबाईचा टाका अजून माझ्यापाशी आहे, आणि तो मला कुणालाच देता येत नाही.