कुठल्या वर्षीचा रविवार?

मित्रांनो, मी नेरे गावच्या बसथांब्यामागचा जुना फळा आहे. आज मला टेकून लोक मोबाईल बघत उभे राहतात. मागे वळून कुणी पाहत नाही.

कृष्णकांत गुरुजींनी मला सुताराकडून करून घेतलं, तेव्हा मी काळाकुळकुळीत आणि थोडा गर्विष्ठही होतो. गुरुजी रोज सकाळी माझ्यावर चार-पाच ओळी लिहीत. लाइट कधी जाणार, लसीकरण कधी, कोण वारलं, अंत्यविधी किती वाजता. संध्याकाळी ओल्या फडक्याने ते सगळं स्वतः पुसत, त्यामुळे माझ्यावर शिळं काही नसायचं. 'रविवारी' लिहिलं की तो येणारा रविवार. तारीख, वर्ष लिहायची गरजच पडत नसे.

डोंगराखालच्या वाडीवरचा गोमा आणि त्याची बायको शुक्री यांना वाचता येत नाही. बाजाराला निघाले की ते थांब्यावर कुणालाही विचारत, "काय लिवलंय रं आज?" ऐकताना गोमा मान तिरकी करून माझ्याकडे असा बघे, की मीच बोलतोय असं मला वाटायचं.

मग गुरुजी गेले. ती बातमी माझ्यावर कुणी लिहिलीच नाही. ती मोबाईलच्या ग्रुपवर गेली आणि तासाभरात गाव गोळा झालं. मी मात्र आदल्या दिवशीच्या लसीकरणाची ओळ अंगावर घेऊन उभा होतो. पावसानेच ती पुसली.

तो ग्रुप आमच्या गावच्या आशा कार्यकर्त्या संजनाताईंचा. आधी मी मनातल्या मनात खूप चडफडलो. पण खोटं कशाला बोलू? रस्ता खचला की पाच मिनिटांत गावाला कळू लागलं. भातावरच्या रोगाचे फोटो पाठवून लोक औषध विचारू लागले. एवढं सगळं माझ्या चार ओळींत कधीच मावलं नसतं.

यंदा गोमाला मोतीबिंदूने गाठलं. दिवाळीनंतर महिन्याभरात, दरवर्षीसारखी, दोघांना वीटभट्टीवर मजुरीला न्यायला मुकादमाची गाडी येणार होती. न दिसणाऱ्याला भट्टीवर कोण नेणार? आणि शुक्री एकटी गेली, तर पावसाळ्यापर्यंत त्याने वाडीत एकट्याने चाचपडत दिवस काढायचे. तेवढ्यात ग्रुपवर निरोप आला. 'रविवारी सकाळी आठ वाजता पनवेलला मोफत मोतीबिंदू शिबिर.' संजनाताईंनी तो पुढे पाठवला आणि वाडीवर जाऊन सांगितलाही.

रविवारी उजाडताच शुक्री नवऱ्याचा हात धरून निघाली. दुपारी दोघं परत आली आणि माझ्या खाली मटकन बसली. समोरून संजनाताई स्कूटीवरून येत होत्या. त्यांनी गाडी थांबवली.

"एवढ्यात आलात? तपासलं का?"

"कसलं तपासतात? कुलूप हाय तिथं," शुक्री म्हणाली. "वॉचमन बोलला, ते मागल्या वर्साचं."

संजनाताईंचा चेहरा उतरला.

"ताय, तू सांगितलंस म्हनून गेलो," गोमा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "रविवार तर बरोबर व्हता."

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लिहिलेलं सगळं आजचंच असतं, असं धरून चालायची सवय या गावाला मीच लावली होती. माझ्यावरचं रोज पुसलं जायचं. मोबाईलवरचं कोण पुसणार?

संजनाताई तिथेच, माझ्या पायाशी, त्या दोघांजवळ बसल्या. त्यांनी मोबाईलवर शिबिर घेणाऱ्या रुग्णालयाचं स्वतःचं पान शोधलं, त्यावरचा नंबर फिरवला, दोनदा विचारून खात्री केली. शिबिर येत्या गुरुवारी होतं. मग त्यांनी ग्रुपवर चूक कबूल केली आणि नवा निरोप लिहिला. वार, तारीख, वर्ष, फोन नंबर आणि शेवटी, 'मी स्वतः विचारून खात्री केली आहे. संजना.' गुरुवारी त्या दोघांसोबत स्वतः गेल्या. दुसऱ्या दिवशी गोमाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

तुमच्या हातात माझ्यापेक्षा कितीतरी मोठा फळा आहे. तो जरूर वाचा. फक्त एखादा निरोप पुढे ढकलण्याआधी तो कुणी लिहिला, कधी लिहिला, एवढं विचारत जा. तुमच्या भरवशावर कुणीतरी पहाटे घरातून निघतं.

परवा काळा चष्मा लावून गोमा थांब्यावर आला. पूर्वीसारखाच माझ्यासमोर उभा राहिला. किती वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे नीट पाहत होतं! माझ्यावर एखादं अक्षर तरी असायला हवं होतं, असं फार वाटलं.

"शुक्रे, काय लिवलंय गो यावर?"

"काय नाय. मोकलाच हाय."

"मना पन मोकलाच दिसतंय!" गोमा टाळी वाजवून हसला. "म्हंजी डोला बरा झाला!"

माझ्या रितेपणाचा कुणाला एवढा आनंद झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.