कॉस्टिकच्या खोलीची किल्ली

“जरा मागे सरा अम्मा, अंगावर उडेल,” शर्वरी म्हणाली, तशा त्रिवेणीबाई मुद्दाम एक पाऊल पुढे सरकल्या.

हैदराबादेत कुकटपल्लीतली ही लॉन्ड्री त्यांनी उभी केली होती. दवाखान्यांच्या चादरी धुणारा बॉयलर वीस वर्षं त्यांनीच सांभाळला. त्याच्या पाण्यात कॉस्टिक सोडा किती घालायचा, ते त्यांच्या हाताला ठाऊक. आणि गेल्या महिन्यात मुलाने, अनिलने, कॉस्टिकच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडून काढून बायकोच्या, शर्वरीच्या हातात दिली. का, तर ती केमिस्ट्री शिकलेली.

“चष्मा, हातमोजे, एप्रन,” त्रिवेणीबाई म्हणाल्या. “नवरीसुद्धा एवढी नटत नाही.”

“हौ अम्मा. पण डोळे एकदाच मिळतात की,” शर्वरी हसली.

हे हसणं तर त्यांना मुळीच सोसत नसे.

खंडेनवमी होती. सकाळी बॉयलरला हळदीची बोटं सुनेनेच ओढली, पायाशी लिंबं तिनेच ठेवली. तोही मान गेला. आता ती बादलीतल्या गार पाण्यात कॉस्टिकच्या पांढऱ्या पापड्या थोड्या थोड्या सोडत होती. पाण्यातच पापड्या सोडायच्या. पापड्यांवर पाणी ओतलं तर उसळून तोंडावर येतं. तेही तिला माहीत होतं. चूक म्हणून सापडेना, आणि त्रिवेणीबाईंचा जीव आणखीच जळत राहिला.

काम आटोपलं. शर्वरीने चष्मा काढला, हातमोजे काढले. सकाळच्या हळदीने पिवळी झालेली बोटं, आणि त्यात एका बोटाचं टोक कुंकवासारखं लाल.

हळदीला कॉस्टिकसारखा खार लागला की ती लाल होते. हे कळायला शाळा लागत नाही. हातमोजा फाटका होता. पोरीला पत्ताच नव्हता. कॉस्टिक आधी झोंबत नाही, नुसतं बुळबुळतं.

होऊ दे, त्रिवेणीबाईंच्या मनात आलं. एक फोड येऊ दे. संध्याकाळपर्यंत किल्ली परत माझ्या कमरेला.

शर्वरीने घाम पुसायला तेच बोट डोळ्याकडे नेलं.

त्रिवेणीबाईंनी तिचं मनगट धरलं आणि तिला ओढत नळाखाली नेलं.

“दुखत नाहीये हो, अम्मा.”

“दुखेल तेव्हा उशीर झालेला असेल. हलू नको.”

अनिल धावत आला. काय झालं ते बघितलं आणि बॉयलरपाशी ठेवलेलं लिंबू उचललं. “थांब, पिळतो. आंबटाने खार मरतो.”

“फेक ते,” त्रिवेणीबाई म्हणाल्या. “लिंबाने आणखी भाजतं. नुसतं पाणी. वीस मिनिटं. घड्याळ बघ.”

“बाबा तर लिंबूच सांगायचे. तुला काय माहीत?”

त्यांनी नळ आणखी सोडला. अनिलने बायकोचा हात त्यांच्या हातातून आपल्या हातात घेतला आणि पाण्याखाली धरून उभा राहिला. “झोंबतं का गं?” घडीघडी विचारत होता. त्रिवेणीबाईंना ते बघवेना. त्यांचा हात असा कुणी धरला नव्हता.

“अम्मा,” शर्वरीने हळूच विचारलं, “तुम्हाला कधी लागलं होतं?”

“मला कशाला लागतंय,” त्या म्हणाल्या. मनगटापासून कोपरापर्यंत भाजून आक्रसलेली पांढरी कातडी त्यांनी पदराखाली घेतली आणि ओल्या चादरींच्या ढिगाकडे वळल्या.