अकरा आठवडे

लोणखेड्यातल्या त्या गच्चीवर सकाळपासून बिबडे वाळत होते. भिजवून कांडलेल्या ज्वारीचे शिजवलेले पीठ ओल्या धोतरावर पातळ पसरायचे, उन्हाच्या हवाली करायचे, आणि वाळल्यावर धोतराच्या पाठीवर पाणी शिंपडून एकेक बिबडा अलगद सोडवायचा. सोडवण्याचे काम दगूबाई दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे. सून रूपाली शेजारी बसून सुटलेले बिबडे पाटीत रचत होती. लक्ष मात्र जिन्याकडे होते.

हेमकांत पपईच्या शेतातून थेट वर आला. खिशातला कागद त्याने बायकोपुढे धरला.

"सही कर. उद्या शेवटना दिन शे."

लेक काजल हिच्या पहिलीच्या प्रवेशाचा अर्ज. येत्या चोवीस ऑक्टोबरला तिला सहा वर्षे पुरी होणार होती. डिसेंबरअखेर सहा, हा नियम ती सहज पाळत होती. रूपालीला दिसत होती ती दुसरीच तारीख, नऊ जानेवारी. त्या दिवशी काजल जन्मायची होती. ती अकरा आठवडे आधी आली, अकराशे ग्रॅमची, काचेच्या पेटीत. गर्भाच्या काळोखात मेंदूवर ज्या घड्या हळूहळू पडायच्या, त्या यंत्रांच्या टिकटिकीत, न विझणाऱ्या पांढऱ्या उजेडात पडल्या. डॉक्टर म्हणाले होते, "सगळ्याच मुलांचं असं होत नाही. पण काहींना दोन-तीन गोष्टी एकदम मनात धरून ठेवणं जड जातं. घाई करू नका. वय ठरलेल्या तारखेपासून मोजा." घरच्यांनी दोन वर्षे तसे मोजले, मग पोर धावू लागली आणि सगळे विसरले. रूपाली विसरली नाही. दर नऊ जानेवारीला ती कारण न सांगता शिरा करी.

"आजून एक वरीस बालवाडीमा राहू द्या ना तिले," ती म्हणाली.

"आनि पाहुनास्ले काय सांगू? हेमकांतनी पोर बालवाडीमाच नापास?" तो हसला, हसण्यात राग होता. "थांब, तुले दखाडस. काजल! खाले जाय. मन्हा चष्मा, पानीना तांब्या आनि आजीमायनी सुपारीनी डबी लई ये."

कठड्यापाशी खेळणारी काजल धावत गेली. परतली तेव्हा दोन्ही हातांनी तांब्या छातीशी धरलेला होता.

"आनि बाकीनं?"

काजल गोंधळली. "जिनावर सांडी गयं," ती म्हणाली, आणि खरोखरच मागे वळून एकेक पायरी निरखू लागली.

हेमकांतच्या ओठांवर आलेले हसू तिथेच थिजले. त्याने हाताशी असलेला बिबडा ओढला. तो मधोमध फाटला.

"लहानपनथीन हाईच खोड!" नवऱ्याचे नाव घेत दगूबाई मुलावर कडाडली. "दम धर ना रे, चुडामणना पोऱ्या! मांगेथीन पानी लागू दे, मंग ते आपसूक सुटस."

फाटका तुकडा पाटीत ठेवून त्याने जिन्याकडे पाहिले. काजल अजून पायऱ्यांवर शोधत होती.

"काजल," त्याने हाक मारली. आवाज उतरला होता. "तांब्या आठे आन."

तिने आणला.

"आते या धोतरनी पाठवर पानी शिंपाड. थोडंसं."

इवल्या बोटांतून थेंब पडले. कापड गडद होत गेले.

"आते कोर धर. हळूच."

बिबडा अख्खा सुटला. काजलने तो दोन्ही तळहातांवर घेऊन सूर्याकडे धरला. त्यातून गाळलेले ऊन तिच्या चेहऱ्यावर पिवळसर उतरले. दगूबाईने आयुष्यात पहिल्यांदा आपली जागा सोडली आणि नातीला धोतराजवळ सरकू दिले.

हेमकांतने अर्जाची घडी केली, पुन्हा एक घडी केली.

"नऊ जानेवारी," तो रूपालीकडे न पाहता म्हणाला. "त्या दिनना शिरा मी उगाच खाई लेस का?" मग, "पुढला वरीसना जूनमा भरू."

"आते काय करू?" काजलने विचारले. ओले हात पुढे धरून ती एका, फक्त एका, पुढच्या गोष्टीची वाट पाहत होती.